गॅदरिंगसाठी गाणं, नाटक, सोंगाड्या आणि बाहुल्या : सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, पाचवी ते सातवीची तीस-पस्तीस मुलं, गॅदरिंगला सहा आठवडे. शाळेत एक पेटी, एक ढोलकी आणि टाळांचे काही जोड आहेत. खर्चाला पैसे बेताचे. काही मुलं घरात कन्नड बोलतात. संगीत, नाटक, विदूषकी आणि बाहुल्या या चारींची मुलांना ओळख व्हावी आणि शेवटी वीस मिनिटांचा एक कार्यक्रम उभा राहावा, तर आधी काय घ्यायचं?

नाटकाची संहिता आधी घेऊ नका. पहिल्याच दिवशी कागद वाटले की मुलं वाक्यं पाठ करतात आणि पुढचे सहा आठवडे समोरच्याचं ऐकण्याऐवजी स्वतःचं पुढचं वाक्य आठवत उभी राहतात. ही सवय नंतर मोडत नाही. आधी मुलांना थांबायला शिकवा. गाणारा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, नट बोलण्याआधी क्षणभर समोर बघतो, सोंगाड्या पडल्यावर प्रेक्षकांकडे तोंड करतो, बाहुली हलायची थांबते आणि तेव्हाच ती बघतेय असं वाटतं. चारही ठिकाणी तो थांबा नसेल तर उरते नुसती धावपळ. तो आला की बाकीचं शिकवणं निम्म्याने सोपं होतं, म्हणून पहिला आठवडा पूर्ण त्यालाच द्या.

रोज चाळीस मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, असं धरलं तर तुमच्या हातात वीस तास आहेत. त्यातल्या पहिल्या आठवड्यात ढोलकीवर केरवा हा ताल धरा : धा गे ना ती, न क धिं ना. मात्रा, म्हणजे ठोके, आठ. पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली (टाळी न देता हात उघडायचा). गती मिनिटाला सुमारे 80 मात्रा ठेवा. मुलांनी मैदानात मोकळं चालायचं, दर मात्रेला एक पाऊल. हे जमलं की आठ मात्रा चालायचं आणि आठ मात्रा जागच्या जागी गोठायचं. गोठलेलं असताना ढोलकीही बंद. पुन्हा समेवर सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं.

पहिल्या दिवशी बहुतेक मुलं सहाव्या-सातव्या मात्रेलाच निघतील. ठेका बंद झाला की मनातली मोजणी पळायला लागते, दुसरं काही नाही. तेव्हा आधी ओठ हलवून मोजू द्या, दुसऱ्या दिवशी ओठ मिटून फक्त बोटाने, तिसऱ्या दिवशी तेही नको. एखाद्याला अजिबातच जमत नसेल तर त्याला ओरडू नका, लय पक्की असलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालू द्या, चार-पाच दिवसांत येतं. ढोलकीवालाही उत्साहात गती वाढवतो, त्यामुळे मोबाईलवर मेट्रोनोम लावून अधूनमधून ताडून बघा. आठवड्याच्या शेवटी दादरा घ्या : धा धी ना, धा ती ना, मात्रा सहा. सहा संपल्या की लगेच पुन्हा सम, म्हणून आठाच्या केरव्याची सवय झालेली पोरं सहाव्यानंतर अडखळतात. अडखळू द्या, कान तिथेच उघडतो.

ढोलकीचं एक सांगून ठेवतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज भदभदीत होतो. दोरीतल्या कड्या सरकवून ताण द्या, पण काम झाल्यावर उतरवा. हलगी शेकायची तर आचेपासून हातभर लांब, फिरवत शेका. एकाच जागी धरली तर कातडं तडकतं. तबला-ढोलकीची शाई शेकायची नाही.

आता गाणं. शाळेच्या गाण्यात सगळ्यात जास्त बिघडते ती पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते. पेटी वाजवणारे सर आपल्या गळ्याची पट्टी धरतात, समजा काळी १ (सा पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर). मुलं ती एक सप्तक वर गातात. मधल्या सप्तकात ठीक चालतं, पण तारसप्तकातला, म्हणजे वरच्या सप्तकातला, ग-म आला की सगळी किंचाळतात. काही मुलं सरांइतकं खाली जायला बघतात आणि त्यांचा आवाजच ऐकू येत नाही. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी काळी ४ किंवा काळी ५ पासून सुरुवात करा. गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर आधी शोधा आणि ते दोनच मुलांकडून गाऊन घ्या. वरचा ओरडून लागत असेल तर पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा, खालचा विरत असेल तर चढवा. दोन्ही अडचणी एकदम आल्या तर गाणंच बदला. मध्य षड्ज (मधला सा) ते तार षड्ज (वरचा सा) आणि वर फार तर एखादा स्वर, एवढ्यात बसणारी ओवी, गवळण, भजन, भारूड भरपूर आहेत.

पेटी मुलांच्या आवाजावर चढू देऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त सा आणि प धरून ठेवा, चाल पेटीवर वाजवूच नका. चाल सतत पेटीवर मिळाली की मुलं पेटीच्या मागून, पाव मात्रा उशिरा गातात. सातवीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना गाण्यातून काढू नका आणि वरच्या पट्टीत ओढूही नका. त्यांच्याकडे टाळ, खालचा षड्ज धरणं, नाहीतर सूत्रधाराचं बोलणं द्या. त्या वयात गळ्यावर जोर दिला तर आवाज घोगरा होतो आणि मुलगा गाणं कायमचं सोडतो. टाळ शिकवायला गावातल्या भजनी मंडळातल्या एखाद्या काकांना बोलवा. आपल्या भागात बहुतेक गावांत असा माणूस आहे, आणि मुलांना टाळ कसा धरायचा, कसा मिटायचा हे तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं दाखवेल.

नाटकाच्या बाजूला पहिलं काम आवाजाचं. एक मूल शेवटच्या भिंतीशी, साधारण दहा-बारा मीटरवर उभं करा. पुढच्याने एक वाक्य म्हणायचं, मागच्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. लगेच कळतं की शब्द कुठे पडतात. ते शेवटी पडतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं आणि मुलं श्वास संपत आला की टोकच गिळतात. ‘मी राजाला सगळं सां...’ एवढंच ऐकू येतं. सांगितलं की सांगणार आहे, ते प्रेक्षकाला कळतच नाही. उपाय साधा आहे : शेवटच्या शब्दावर समोरच्याकडे चेंडू टाकायचा. चेंडू पोचवायचा म्हटलं की आवाजही पोचतो. आठवडाभराने चेंडू काढून घ्या.

माईक एकच असेल तर तो नटांना देऊ नका. दिला की सगळी मुलं माईकपाशी रांग लावून उभी राहतात आणि नाटक तिथेच संपतं. माईक सूत्रधाराला आणि गाणाऱ्यांना. मोकळ्या मैदानात नटांना माईक लागतोच म्हणाल, तर दोन माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवा आणि स्पीकरचे खोके माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. खोके मागे राहिले की शिट्टी वाजणारच.

सोंगाड्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. लाल नाक, ढगळा पायजमा आणि वाकडं तोंड म्हणजे विदूषक असं मुलांना वाटतं. मुलांना सांगा, सोंगाड्याला एक साधी गोष्ट मनापासून हवी असते आणि ती मिळत नाही. खुर्चीवर बसायचंय, टोपी उचलायचीय, लाडू खायचाय. तो हसवायला आलेलाच नाही, तो बसायला आलाय. मूल स्वतःच हसायला लागलं की प्रेक्षक थांबतात.

खुर्चीचा सराव घ्या. तीन टप्पे आहेत. एक : तो खुर्चीकडे येतो, बसणार तेवढ्यात ती सरकते (दुसरा मुलगा दोरीने ओढतो), तो थांबतो, खुर्चीकडे बघतो, मग प्रेक्षकांकडे बघतो. दोन : पुन्हा तसंच, थोड्या जास्त निर्धाराने. तीन : आता वेगळं व्हायला हवं. खुर्ची सरकत नाही, पण तो घाबरून जमिनीवर बसतो. दोनदा एकसारखं झालं की प्रेक्षक तिसऱ्यांदा तेच धरून बसतात, म्हणून तिसऱ्यांदा मोडायचं. चौथ्यांदा करू नका, मुलांना मोह होतो.

यातलं प्रेक्षकांकडे बघणं हेच कसब आहे, आणि मुलं नेमकं तेच गाळतात. पडतात, उठतात, पळतात. हसू पडण्यावर येत नाही, पडल्यानंतरच्या बघण्यावर येतं. म्हणून पहिल्या आठवड्यातली मात्रा इथे वापरा : पडलास की दोन मात्रा काही नाही, मग मान वळव, मग दोन मात्रा बघ. हसू आलं तर पुढचं वाक्य धरून ठेव. ते ओसरायला लागलं की बोल. पूर्ण संपेपर्यंत थांबलास तर प्रसंग थंड होतो.

पडणं गादीवर किंवा सुक्या गवतावर शिकवा. आधी गुडघा, मग मांडीची बाजू, मग खांदा. हात मागे टेकवून कधीच नाही, मनगट मोडतं. खोट्या थपडेत हात गालाला लागत नाही. मारणाऱ्याचा हात चेहऱ्यापुढून वीतभर अंतराने जातो आणि मार खाणारा स्वतः छातीशी टाळी वाजवून मान फिरवतो. टाळी मारणाऱ्याने वाजवली तर ती उशिरा येते.

बोलण्यासाठी तमाशातली बतावणी चांगला नमुना आहे : एक सरळ बोलतो, दुसरा त्याचा शब्द पकडून वाकडा नेतो. तमाशातल्याच गवळणीतला कृष्णाचा सवंगडी पेंद्याही मुलांना फार आवडतो. परंपरेत पेंद्या लंगडा आणि बोबडा दाखवतात. शाळेत ते काढून टाका. त्याची गंमत त्याच्या भुकेत आणि भित्रेपणात आहे, तेवढी पुरते. वर्गात एखादं तोतरं किंवा पायाने अधू मूल असेल तर त्याचं वर्षभर काय होईल याचा विचार करा. जात, रंग, जाडी यांवरचे विनोदही नकोत.

भाषेचंही तसंच. सीमाभागात कन्नड बोलणारा बावळट किंवा मराठी बोलणारा बावळट असं सोंग सहज सुचतं, टाळ्याही मिळतात. करू नका. समोरच्या प्रेक्षकांत दोन्ही घरांतले आईबाप बसलेले असतात. उलट दोन सोंगाड्यांची जोडी करा, एक कन्नड बोलणारा, एक मराठी, आणि दोघेही सारखेच हुशार आणि सारखेच अडलेले. नियम एकच : उत्तरात प्रश्नाचा अर्थ आला पाहिजे. पडद्यामागून ‘यारु?’ आलं की दुसरा म्हणेल, ‘कोण काय विचारतोस? मी आहे, राजाचा शिपाई!’ ‘बा, बा’ म्हटलं की ‘येतो खरं, कुत्रं बांध आधी!’ भाषांतर न करता सगळ्यांना समजतं. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना अशा वेळी पुढे येऊन काम मिळतं, ते एरवी मागच्या रांगेत झाड होऊन उभे असतात. मराठी मुलांनाही पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका, घरी बोलतात तसं बोलू द्या.

चेहरा रंगवायला खोबरेल तेलात खललेली झिंक ऑक्साईडची पूड पांढऱ्यासाठी पुरते. ऑईलपेंट, पोस्टर कलर त्वचेवर नको. जुन्या रंगपेटीतलं मुरदारशिंग शिशाचं असतं, ते अजिबात नको. आधी तेलाचा हात, मग रंग. आदल्या दिवशी कोपराच्या आत ठिपका लावून खाज येते का बघा. डोळ्यांभोवती बोटभर जागा कोरी सोडा. पुसताना पुन्हा खोबरेल आणि सुती फडकं, साबण नंतर.

बाहुल्यांमध्ये कळसूत्रीचा मोह आवरा. दोऱ्यांवरची बाहुली सहा आठवड्यांत बनवून शिवाय शिकून होत नाही, गुंता सोडवण्यातच तास जातात. ती कशी दिसते हे मुलांना दाखवायचं असेल तर आंबोली घाटाने उतरून सावंतवाडीवरून कुडाळजवळच्या पिंगुळीला सहल न्या. ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट) आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे बघायला मिळतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. कर्नाटकातही तोगलु गोंबेयाट, म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा आहे आणि त्यातही कथा मध्येच थांबवून हसवणारी पात्रं येतात. तुमच्या सोंगाड्याचं काम शिकून झालेल्या मुलांना ते लगेच ओळखता येईल.

शाळेसाठी हातमोज्याची बाहुली घ्या. डोकं खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचं. खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा. बुरशी लागू नये म्हणून अर्धा चमचा तुरटीची पूड घाला. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात देऊ नका. मातीचा अंडाकृती गोळा करा, आठ-नऊ सेंटिमीटर उंच. त्याला नाक-कपाळ जरा जास्तच उठावदार द्या, कारण लांबून बारीक काही दिसत नाही. गोळ्याला साबणाचं दाट पाणी लावा आणि वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीत भिजवून चिकटवा. कागद फाडून घ्या, कापलेल्या कडा उठून दिसतात. दोन थर झाले की एक दिवस वाळवा, असे सहा थर. घाईत सगळे एकदम लावले तर बाहेरून सुकतं, आतून ओलं राहतं आणि चार दिवसांनी डोकं चेपतं. पूर्ण वाळल्यावर कानाच्या रेषेत चिरून माती काढा, दोन अर्ध जोडा, आणि मानेत पुठ्ठ्याची नळी बसवा. नळी मुलाच्या तर्जनीला घट्ट व्हायला हवी. सैल झाली की बाहुली सतत मान हलवत राहते.

डोकं शंभर ग्रॅमच्या आत ठेवा, त्यापुढे मुलाचं मनगट दमतं. रंग चमकणारा नको, दिव्यात चेहरा पांढरा पडतो. बुबुळं किंचित आतल्या बाजूला काढा, म्हणजे बाहुली कुणाकडे तरी बघते असं वाटतं. अगदी मधोमध काढली तर शून्यात बघते. झगा कोपरापर्यंत पोचेल इतका लांब शिवा. तर्जनी मानेत, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात.

पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली जाड चादर किंवा दुपदरी साडी. तिची वरची कड सगळ्यात उंच मुलाच्या डोक्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर असावी. मुलांची उंची फार कमी-जास्त असेल तर बुटक्यांच्या पायाखाली फळी द्या. चालवताना पहिली चूक दिसेल ती बाहुली बुडण्याची : हात दमतो आणि एका मिनिटात बाहुली छातीपर्यंत खाली जाते, करणाऱ्याला कळतही नाही. रोज हात सरळ वर धरून एक मिनिट, मग दोन मिनिटं उभं राहण्याचा सराव घ्या आणि एका बाहुलीचा सलग प्रवेश दोन-तीन मिनिटांपेक्षा मोठा ठेवू नका. दुसरी चूक म्हणजे बाहुली खालून उगवते. तिने बाजूने, पाऊल टाकत यावं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी : सगळ्या बाहुल्या एकदम हलतात. मग कोण बोलतंय ते कळत नाही. बोलणारी बाहुली हलेल, तीही जोराच्या शब्दावर एकदाच मान झुकवून, प्रत्येक अक्षराला नाही. ऐकणारी बोलणारीकडे तोंड करून स्थिर राहील. चालण्यातलं गोठणं इथे उपयोगी पडतं, म्हणून पहिल्या आठवड्यात कंटाळा केलेली मुलं इथे लगेच ओळखू येतात. पडद्यामागचा आवाज कापडात अडकतो. तेव्हा कथा बाहेर पेटीजवळ बसलेल्या सूत्रधाराने सांगावी, आतून फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘पळा रे’ असे तुटक शब्द यावेत.

हात मोकळे राहिलेल्या पाच-सहा मुलांना छायाबाहुल्या द्या. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, छत्रीच्या काड्या, धोतराचं पांढरं कापड दीड मीटर लांब, एक मीटर उंच, ताणून बांधलेलं. झाडूचे हीर लवतात, ते घेऊ नका. एका बाहुलीला एकच सांधा पुरतो. दुधी काचेचा एलईडी बल्ब सावली पुसट करतो, साधी बॅटरी जास्त चांगली, आणि वीज गेली तरी अडत नाही. दिवा कापडामागे दीड-दोन मीटर आणि मुलांच्या डोक्यावरून. बाहुली कापडाला टेकलेली हवी, चार बोटं मागे आली की कड फुटते. तेलाचा दिवा कापडापाशी ठेवू नका.

हे सगळं एकत्र बांधायला वेगळं नाटक लिहायची गरज नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याआधी त्यांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले होते. त्यांच्या नाटकांत सूत्रधार गात उभा राहायचा, विदूषक येऊन त्याला अडवायचा, मग गणपती यायचा, मग सरस्वती. तो सांगाडा तुमच्या मापाचा आहे. पुढे ‘संगीत शाकुंतल’ करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हेही मुलांना सांगा. सूत्रधार आणि टाळवाली मुलं बाजूला बसतील आणि नमन गातील, सोंगाड्यांची जोडी येऊन अडवेल, त्यांना खुर्ची मिळणार नाही, शेवटी सूत्रधार म्हणेल की गोष्ट ऐका, मग बसायला देतो. तिथून बाहुल्यांचा खेळ, आणि शेवटी सगळ्यांचं एक गाणं. बाहुल्यांना सात-आठ मिनिटांहून जास्त देऊ नका, मागच्या रांगेला त्या लहानच दिसतात.

शब्द चौथ्या आठवड्यात कागदावर आणा, तेही मुलांनी सरावात बोललेलेच. पाचव्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी सलग करून घ्या, मध्ये न थांबवता, चुका शेवटी सांगा. एक तालीम तरी ज्या जागेवर कार्यक्रम आहे तिथे, त्याच वेळी, त्याच दिव्यांत व्हायला हवी. शेवटचे तीन दिवस नवीन काहीही घालू नका, कोणी कितीही चांगली कल्पना आणली तरी. कार्यक्रमाच्या दिवशी पेटीजवळच्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, बॅटरीचे जादा सेल, सुती फडकी आणि खोबरेलाची बाटली ठेवा, आणि ती पिशवी एकाच मोठ्या मुलीच्या ताब्यात द्या.